क्रोमची चमक मारायची रीत: गाडीचे पार्ट गावातल्या गावात मॅट करताना

उन्हाळ्यात दुपारी चारनंतर मावळतीकडे तोंड करून गाडी चालवली की समोरच्या सूर्याइतकीच हँडलच्या वाकणावरची आणि मीटरच्या कड्यावरची तिरीप डोळ्यांना छळते. चमक मारायचं हे एक कारण. दुसरं कारण जास्त जणांचं असतं. चार-पाच पावसाळे झाले की साडीगार्ड आणि लेगगार्डचं क्रोम फुटतं, त्यातून तांबड्या पुळ्या वर येतात, आणि पुन्हा क्रोम करून देणारा तालुक्याच्या गावी सापडत नाही. अशा वेळी ते पार्ट मॅट करून टाकणं स्वस्त पडतं आणि नीट केलं तर टिकतंही. नुसता काळा स्प्रे आणून, फडक्याने पुसून क्रोमवर मारला तर मात्र पंधरा दिवसांत तो नखाने निघतो, उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा.

असं का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढची घासाघीस फुकटची वाटणार नाही. ज्याला आपण क्रोम म्हणतो तो बहुतांशी निकेलचा थर असतो, साधारण 10 ते 30 मायक्रॉनचा. त्याच्यावर खरं क्रोमियम असतं ते अर्ध्या मायक्रॉनहूनही कमी. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, त्यावरून अंदाज करा. हा वरचा थर काचेसारखा गुळगुळीत आणि फार कडक असतो. शिवाय हवेतच त्याच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, जो कशाशीच सहजी मिसळत नाही. रंगाला पकडायला तिथे काहीच नसतं, म्हणून ती पकड आपण ओरखडे पाडून तयार करायची. याच थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगाही असतात. त्यातून पाणी खालच्या लोखंडापर्यंत जातं आणि तांबडे ठिपके उठतात.

आधी चुंबक लावून बघा

प्रत्येक चकाकणारी वस्तू क्रोमचं लोखंड नसते. जुन्या स्पीकरमधला चुंबक घेऊन गाडीभोवती एक फेरी मारा. घट्ट चिकटला तर खाली लोखंड आहे. ब्रेक-क्लचच्या दांड्या आणि इंजिनची झाकणं अॅल्युमिनियमची असतात, तिथे चुंबक धरत नाही. मीटरचं कडं, हेडलाइटची रिंग, इंडिकेटरच्या टोप्या अलीकडे बहुधा प्लास्टिकवर क्रोम केलेल्या असतात. त्या हलक्या असतात आणि नखाने वाजवल्या की बोदा आवाज येतो. प्लास्टिकला थिनर लावायचा नाही, ते पाघळतं. साबणाने धुवायचं, 600 नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात घासायचं, प्लास्टिकचा प्रायमर मारून मग रंग. त्याला याहून जास्त काही लागत नाही.

आता हात लावायचा नाही अशा जागा. समोरच्या शॉकअपचा वरखाली सरकणारा आतला पाइप आणि मागच्या शॉकअपची दांडी यांच्यावरचं क्रोम दिसण्यासाठी नसतं. तिथे ऑइल सील घासत असतं. एकदा पेपर फिरवलात की सील कापलं जाईल आणि तेल गळायला लागेल. डिस्कची थाळी, ब्रेक ड्रमची आतली बाजू, हेडलाइटचा आतला आरसा, मागचे रिफ्लेक्टर आणि नंबर प्लेट यांनाही रंग नाही. फ्रेमवर मानेपाशी ठोकलेला चेसिस नंबर घासलात किंवा रंगाखाली बुजवलात तर गाडी विकताना कटकट होईल. टाकी आणि साइड पॅनेलचा रंग आरसी बुकावर नोंदलेला असतो, तो बदलायचा तर आरटीओकडे नोंद करावी लागते. हँडल, गार्ड, कॅरिअर काळे-राखाडी केल्याने ती भानगड येत नाही.

सायकल असेल तर रिमकडे नीट बघा. जुन्या उभ्या सायकलींचे दांडीचे ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला, म्हणजे आऱ्यांकडच्या तोंडाला घासतात. वायरच्या ब्रेकचे रबर रिमच्या दोन्ही कुशींना घासतात. ज्या बाजूला रबर लागतं ती बाजू टेपने झाकून बाकीची रंगवा. ब्रेकच्या जागेवर रंग बसला तर तो रबराला चिकटत राहतो आणि उतारावर सायकल थांबत नाही.

काळा की राखाडी?

बहुतेकांना जेट ब्लॅक हवा असतो. विदर्भात आमचं मत राखाडीच्या बाजूने आहे, गडद राखाडी. मॅट काळ्यावर शिवाररस्त्याची धूळ पीठ सांडल्यासारखी दिसते आणि मॅट रंगाला पॉलिश मारून ती लपवताही येत नाही. शिवाय मे महिन्यात 45 अंशांत, लिंबाची सावलीही सरकून गेलेल्या जागी गाडी उभी असेल तर काळ्या कॅरिअरला हात लावून बघा. क्रोमही तापतं, पण काळ्याचा चटका वेगळाच. हँडलला मूठ असते, तिथे काळा चालेल. कॅरिअर आणि मागे बसणाऱ्याच्या हाताशी येणारा गार्ड राखाडी ठेवा.

सामान

हँडल, साडीगार्ड आणि लेगगार्ड एवढ्यांचा हिशेब धरू. 180, 320 आणि 400 नंबरचे वॉटर पेपर प्रत्येकी दोन. भांडी घासायच्या हिरव्या घासण्या दोन. भांड्यांचा साबण. पुसायला अर्धा लिटर थिनर. धुवून मऊ झालेल्या सुती धोतराचे किंवा बनियनचे पांढरे तुकडे, रंगीत नकोत, कारण थिनरमध्ये त्यांचा रंग सुटतो. दोन डब्यांत मिळणारा इपॉक्सी प्रायमर. दुकानात मागताना "इपॉक्सी प्रायमर हार्डनरसगट द्या, भाऊ" असं स्पष्ट म्हणा, नाहीतर लोखंडी दारा-खिडक्यांना मारतात तो तांबडा रेड ऑक्साइड हातात ठेवतील. तो घासलेल्या लोखंडाला ठीक आहे, क्रोमवर कामाचा नाही. मिसळलेला प्रायमर दोन हातांना 150 मिलीच्या आत पुरतो, पण त्याहून लहान डबा सहसा मिळत नाही. मॅट रंगाचे 400 मिलीचे दोन स्प्रे कॅन. एकात भागेल असं वाटतं, पण पाइपवर मारताना निम्मा रंग दोन्ही बाजूंनी हवेत जातो. मास्किंग टेप एक इंचाचा, साध्या खाकी टेपचा गोंद क्रोमवरच राहतो.

नाका-तोंडासाठी रंगाच्या वासाचा, कोळशाची फिल्टर असलेला मास्क घ्या. तोंडाला बांधलेला दुपट्टा धूळ अडवतो, थिनरची वाफ नाही. कॉम्प्रेसर आणि गन असणाऱ्यांना हार्डनर घालून मारायचा पीयू रंग जास्त टिकाऊ पडतो. पण त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दम्यासारखा त्रास जडू शकतो आणि एकदा जडला की थोड्याशा वाफेनेही उसळतो. पहिल्यांदा करणाऱ्याने स्प्रे कॅनवरच भागवावं.

उतरवणं

पाना लावण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. हँडलची केबल कुठून कशी गेली आहे ते चारी बाजूंनी टिपा. परत जोडताना हेच फोटो उपयोगी पडतात. मुठी कापून काढू नका. सायकलचा जुना आरा मुठीखाली सरकवून त्या फटीत साबणाचं पाणी सोडा आणि पिळत ओढा, सुटतात. ब्रेकच्या तेलाची टाकी असलेली गाडी असेल तर ती टाकी उभीच बांधून ठेवा, आडवी झाली की तेल सांडतं आणि त्या तेलाने पेट्रोलच्या टाकीवरचा रंग उखडतो.

गाडी लागतेच म्हणून काम दोन हप्त्यांत करायचं असेल तर पहिल्यांदा लेगगार्ड करा. तो नसला तरी गाडी चालते आणि चुकला तरी डोळ्यासमोर नसतो. साडीगार्ड काढून गाडी फिरवू नका, तो कायद्यानेच लागतो आणि कारणही खरं आहे: मागे बसलेल्या बाईचा पदर चाकात जाऊ नये.

धुणं आणि घासणं

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवायचा. एकूण कामाचे पाच तास धरले तर त्यातले तीन याला द्या.

आधी धुवा, मग घासा. उलटं केलंत तर पेपर तेल आणि ग्रीस ओरखड्यांत रगडून बसवतो आणि मग ते निघत नाही. गरम पाण्यात साबण घालून हिरव्या घासणीने दोनदा धुवा. गाडीला कधी टायर पॉलिश किंवा चमक आणणारं तेलकट पॉलिश मारलं असेल तर त्यात सिलिकॉन असतं. ते राहिलं की रंगात मासोळीच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात आणि कितीही हात मारा, भरत नाहीत.

धुतल्यावर पार्ट उभा धरून त्यावर स्वच्छ पाणी ओता आणि थांबून बघा. पाण्याचा पातळ सलग पडदा राहिला तर पार्ट स्वच्छ आहे. पाणी थेंबाथेंबांत गोळा होऊन मेणकापडावरून पळाल्यासारखं पळालं तर तिथे अजून चिकट आहे, परत धुवा. ही परीक्षा फुकटची आहे आणि तिला तोड नाही.

आता 180 चा पेपर पाण्यात भिजवून घासायला घ्या. पाइपला लांबीच्या दिशेने घासण्यापेक्षा पेपरची दोन बोटं रुंद पट्टी काढा आणि बूट पुसतात तशी पाइपभोवती ओढा, मग तिरकी, मग उलटी तिरकी. वाकणाच्या आतल्या बाजूला पेपर पोचत नाही, तिथे हिरवी घासणी. पंधरा-वीस मिनिटांनी आरशासारखं क्रोम दुधाळ राखाडी दिसायला लागतं. पार्ट उन्हात फिरवून बघा. जिथे अजून चमकणारा ठिपका दिसेल तिथूनच रंग सुटायला सुरुवात होणार आहे. असा एकही ठिपका उरू देऊ नका. काही ठिकाणी थोडी पिवळसर झाक येईल. म्हणजे क्रोम संपून निकेल लागलं, त्यात बिघडलं काही नाही. तांबूस दिसलं तर काही पार्टना निकेलखाली दिलेला तांब्याचा थर लागला. तिथे थांबा, पुढे लोखंड आहे. 180 झाल्यावर सगळीकडे 320 फिरवा, म्हणजे खोल ओरखडे रंगातून दिसत नाहीत. मॅट रंग ओरखडे लपवतो असा समज आहे, तो अर्धाच खरा. बारीक लपतात, लांबलचक रेघा तिरप्या उन्हात दिसतात.

घट्ट बसलेलं क्रोम पूर्ण काढायची गरज नाही. उलट तेच खालच्या लोखंडाचं राखण करतं. काढायचं ते फक्त फुटलेलं, पापुद्रे सुटलेलं. ते जुन्या ब्लेडने खरवडून काढा, पण हातमोजे घालून, कारण सुटलेल्या क्रोमची कड पात्यासारखी बोट कापते. खरवडल्यावर जी पायरी राहते ती 180 ने घासून उतरती करा. बोट फिरवल्यावर पायरी लागली नाही पाहिजे. बोटाला लागली की रंगानंतर डोळ्यालाही लागते.

गंजाच्या पुळ्या असतील तिथे बाजारातलं पांढरं व्हिनेगर कापडात भिजवून गुंडाळा, वरून प्लास्टिक बांधा, रात्रभर ठेवा. सकाळी गंज काळपट चिखलासारखा होतो आणि घासणीने निघतो. मग लिटरभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून त्याने धुवा, नाहीतर उरलेलं आम्ल रंगाखाली काम करत राहतं. शेवटचं पाणी बोअरचं घेऊ नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, वाळल्यावर पांढरे डाग सोडतं आणि त्या क्षारांवर प्रायमर धरत नाही. गावातल्या आरओच्या जारमधलं दोन लिटर पाणी पुरेल. धुतल्याबरोबर पुसून उन्हात ठेवा, उघडं लोखंड अर्ध्या तासात तांबूस धरतं. पाइपची तोंडं खाली करून आतलं पाणी पूर्ण निथळू द्या. महिनाभराने वाकणापाशी फोड आला तर बहुतेक वेळा आत राहिलेलं पाणीच कुठल्यातरी छिद्रातून किंवा वेल्डिंगच्या सांध्यातून बाहेर आलेलं असतं.

आता थिनर. एका फडक्याने लावा आणि वाळण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्या. नुसतं लावून वाळू दिलंत तर चिकट जागच्या जागी पसरतो, निघत नाही. यानंतर पार्टला उघडा हात लावायचा नाही. तार अडकवून टांगूनच ठेवा.

ऋतू, जागा, वेळ

पावसाळ्यात हे काम टाळा. दमट हवेत रंग वाळताना गार पडतो, त्यावर दव धरतं आणि काळ्यावर पांढुरकी झाक येते. मे महिन्याच्या दुपारी उलटं होतं. रंगाचे कण पार्टपर्यंत पोचण्याआधी हवेतच वाळतात आणि हात फिरवल्यावर बारीक रेती चिकटल्यासारखं लागतं. उन्हाळ्यात सकाळी सात ते नऊ आणि हिवाळ्यात दव उडाल्यावर दहा ते एक ही वेळ बरी. दिवाळीनंतर हवामान उत्तम असतं, पण तेव्हा घरात कापूस भरलेला असतो. वेचणीच्या दिवसांत ओसरीत रंग मारलात तर कापसाचे तंतू येऊन बसणारच, आणि ओल्या मॅट रंगातून तंतू चिमट्याने काढला तरी त्याची खूण राहते. सोयाबीन-तुरीची मळणी चालू असेल तर तो दिवसच सोडा. गोठ्याच्या बाजूला नको, चुलीच्या धुराकडे नको. मोकळ्या टिनाच्या शेडमध्ये, वारा पडलेला असताना, अर्धा तास आधी जमिनीवर हलका सडा टाकून धूळ बसवा आणि आढ्याला तार बांधून पार्ट टांगा.

प्रायमर

डब्यावर जे प्रमाण लिहिलं असेल तेच घ्या, अंदाजाने हार्डनर ओतू नका. कमी पडला तर प्रायमर आठवडाभर चिकट राहतो, जास्त झाला तर ठिसूळ होतो. मोजायला औषधाच्या बाटलीचं खुणांचं झाकण चालतं. डब्यावर थांबायला सांगितलं असेल तर मिसळून तेवढा वेळ थांबा, मगच मारा. एका वेळी लागेल तेवढाच मिसळा. उन्हाळ्यात मिसळलेला प्रायमर डब्यात फार लवकर घट्ट होतो.

गन नसेल तर दीड इंची मऊ ब्रशने पातळ दोन हात मारले तरी चालतात. पहिला हात क्रोम थोडं दिसेल इतका पातळ, दुसरा झाकणारा. रात्रभर वाळू द्या. सकाळी 400 च्या पेपरने पाण्यात हलकं घासून ब्रशच्या रेघा मोडा, प्रायमरची पांढरी पूड पुसून घ्या. कड्यांवर प्रायमर घासून क्रोम उघडं पडलं तर तेवढ्या जागी पुन्हा एक हात.

हँडल जिथे क्लॅम्पमध्ये बसतं ती दोन-अडीच इंचांची जागा प्रायमरआधीच टेपने झाका. तिथे ना प्रायमर, ना रंग. रंगाचा थर क्लॅम्पखाली दबत जातो, बोल्ट सैल पडतात आणि एखाद्या खड्ड्यात हँडल हातात फिरतं.

रंग

मॅट रंगात चमक मारणारी बारीक पूड असते आणि ती डब्याच्या तळाशी बसते. म्हणून गोळी खडखडायला लागल्यावर मोजून दोन मिनिटं डबा हलवा, आणि मधेमधे परत. कमी हलवलात तर पहिला पार्ट चमकदार निघतो आणि शेवटचा खडूसारखा.

नोझल पार्टपासून वीतभर लांब, 20 ते 25 सेंटिमीटर. दाबायला सुरुवात पार्टच्या बाहेर, सोडायचंही बाहेर. पार्टवरच थांबून दाबलं की तिथे ओघळ येतो. पहिला हात धुक्यासारखा, प्रायमर दिसत राहिला तरी चालेल. दहा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. पाइपच्या आतल्या आणि खालच्या बाजू आधी मारा, दर्शनी बाजू शेवटी. अंतर प्रत्येक वेळी तेच ठेवा. जवळून मारलेला भाग ओला पडतो आणि वाळल्यावर चमकतो, लांबून मारलेला कोरडा राहतो, आणि एकाच हँडलवर दोन रंग दिसतात.

पुढचा हात कधी द्यायचा हे डब्यावर लिहिलेलं असतं. साधारणपणे पहिल्या तासाभरात, नाहीतर एकदम दुसऱ्या दिवशी. मधल्या वेळी दिला तर वरच्या हातातला थिनर खालच्या अर्धवट वाळलेल्या थराला फुगवतो आणि सुरकुत्या पडतात. पडल्याच तर घाईने पुसू नका. दोन दिवस वाळू द्या, 320 ने घासून सपाट करा, पुन्हा मारा. ओघळही तसाच: पूर्ण वाळल्यावरच घासायचा.

टेप शेवटच्या हातानंतर पंधरा-वीस मिनिटांनी, रंग हाताला न लागण्याइतका झाला की, तिरका ओढून काढा. दुसऱ्या दिवशी काढलात तर टेपबरोबर कडेचा रंगही उचलला जातो.

सायलेन्सरचं वेगळं

सायलेन्सरला वरचा प्रायमरही नको आणि वरचा रंगही नको, दोन्ही जळून काळा धूर होतो. त्याला 600 अंश सहन करणारा सिलिकॉनचा रंग मिळतो, तो घासलेल्या धातूवर थेट पातळ दोन-तीन हात मारायचा. हा रंग नुसता वाळून पक्का होत नाही, त्याला भाजावं लागतं. एक दिवस वाळल्यावर गाडी पाच मिनिटं चालू ठेवा आणि पूर्ण थंड होऊ द्या. मग दहा मिनिटं, पुन्हा थंड. मग अर्धा तास रस्त्यावर. पहिल्या वेळी वास आणि थोडा धूर येईल, घाबरू नका. एकदम लांब पल्ल्याला नेलीत तर फोड येतात. इंजिनपाशी जिथे क्रोम निळं-पिवळं झालेलं असतं तिथला रंग सगळ्यात आधी जाणार, वर्ष-दीड वर्षात तो भाग पुन्हा मारावा लागतो हे धरून चाला.

बोल्ट, हुक, कॅरिअरच्या क्लिपा: जवसाचं तेल

ज्या लहान लोखंडी वस्तूंवर क्रोम नाही, त्यांना रंगापेक्षा तेलातला काळेपणा शोभतो आणि पाना लावल्यावर निघतही नाही. लोहाराच्या हातची हत्यारं अशी काळी झालेली असतात. वस्तू 320 ने चकचकीत करा, तारेला बांधा आणि पऱ्हाटीच्या निखाऱ्यावर किंवा गॅसच्या बर्नरवर धरा. लोखंड आधी गवतासारखं पिवळं होतं, मग तपकिरी, मग जांभळं, आणि 300 अंशांच्या आसपास निळं. जांभळ्याकडून निळ्याकडे जाताना बाहेर काढा, जरा निवू द्या आणि जवसाच्या तेलाचं फडकं चिमट्यात धरून पातळ पुसा. धूर येतो आणि काळी साय धरते. परत तापवा, परत पुसा, असं तीन-चारदा. तेल थेंब पडेल इतकं लावलं तर डाग चिकट राहतो.

तेल जवसाचंच हवं. ते हवेत आणि आचेवर वाळून पापुद्रा धरतं. सोयाबीनचं अर्धवट वाळतं, शेंगदाण्याचं आणि खोबरेल चिकटच राहतं. पूर्व विदर्भात धानाच्या बांधीत जवस पेरतात, घाणीवर तेल मिळतं.

इथे दोन धोके. पांढरे किंवा पिवळसर चमकणारे बोल्ट जस्ताचे असतात. ते तापवले की पांढरा धूर निघतो आणि तो हुंगला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. त्यांना आगीला लावायचं नाही, आणि स्प्रिंगलाही नाही, तिचं पाणी उतरतं. दुसरा धोका फडक्याचा. जवसाच्या तेलाचं बोळा केलेलं फडकं वाळताना आतल्या आत तापतं आणि कुणी काडी न लावताही पेट घेतं. ते कापसाच्या गंजीजवळ किंवा कुटाराच्या ढिगात फेकलं तर काय होईल हे सांगायला नको. पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा, किंवा एकेक फडकं पसरून तारेवर वाळवा.

अॅसिड आणि चार्जरचे शॉर्टकट

फरशी धुवायच्या अॅसिडमध्ये बुडवलं की क्रोम झटक्यात निघतं, हे खरं. पण त्याच्या वाफेने शेडमधली बाकीची सगळी लोखंडी अवजारं दोन दिवसांत तांबडी होतात, कडक केलेले बोल्ट आतून ठिसूळ होतात, आणि जवळ ब्लीचिंग पावडर असेल, दोन्ही मिसळले, तर जीवघेणा क्लोरीन निघतो. बॅटरी चार्जर लावून पाण्यात क्रोम उतरवायची युक्ती त्याहून वाईट. पाणी पिवळं-नारिंगी झालेलं दिसतं ना, ते हेक्साव्हॅलंट क्रोमियम असू शकतं. त्याने कॅन्सर होतो, आणि ते पाणी कुठे ओतणार, विहिरीच्या उताराला की गुरांच्या हौदाकडे? क्रोम काढायचंच असेल तर ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने बारीक कण मारून थर उडवणं, करून घ्या. तेही कन्हानच्या वाळूने नाही. नदीच्या वाळूची बारीक सिलिका फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि त्यावर इलाज नाही. अॅल्युमिनियम ऑक्साइड वापरणाऱ्याकडे द्या.

हिंगणा, बुटीबोरी, अमरावती, अकोला अशा एमआयडीसींत ब्लास्टिंग आणि पावडर कोटिंग (रंगाची कोरडी पूड मारून ती भट्टीत भाजणं) एकाच फेरीत होतं. तालुक्याहून एकटा लेगगार्ड नेणं परवडत नाही, चार-पाच गाड्यांचे पार्ट गोळा करून न्या. पार्ट 180 ते 200 अंशांच्या भट्टीत जातो, म्हणून रबर, बुश, प्लास्टिकच्या टोप्या घरीच काढा. "काळा" एवढंच सांगितलंत तर चकचकीत काळा मिळेल. मॅट किंवा सॅटिन हवा असं सांगा आणि नमुन्याची पट्टी उन्हात धरून बघा, ट्यूबलाइटखाली सगळं मॅटच दिसतं.

परत बसवताना

रंग हाताला वाळलेला लागला तरी आतून पक्का व्हायला आठवडा लागतो. लेगगार्ड तोवर टांगूनच ठेवा. गाडी अडली म्हणून दुसऱ्याच दिवशी हँडल बसवावं लागलं, तर आठवडाभर त्याला काही घासू देऊ नका.

पक्का झाल्यावर लपलेल्या जागी, क्लॅम्पशेजारी, ब्लेडने बारीक चौकडी कापा, त्यावर सेलोटेप दाबून झटक्याने ओढा. चौकोन टेपबरोबर आले तर घासणं कमी पडलं होतं. वर आणखी रंग मारून उपयोग नाही, तो थरही त्याच्याबरोबर जाईल.

हँडल जोडल्यावर ते दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. गाडी चालू असताना एका बाजूला वळवलं की इंजिनचा आवाज चढत असेल तर एक्सिलेटरची केबल चुकीच्या वाटेने गेली आहे. ब्रेकची दांडी आधीइतकीच सैल आहे का बघा. हॉर्न किंवा एखादा दिवा बंद पडला असेल तर अर्थिंगची वायर रंगवलेल्या जागेवर कसली गेली असण्याची शक्यता जास्त, तेवढी जागा खरवडून धातू उघडा करा.

पुढे धुताना साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस. कोरडं फडकं एकाच जागी रगडत राहिलात तर मॅट रंग घोटला जातो आणि तिथे परत चमक येते. पॉलिश, मेण, तेल काहीच नको. दगड लागून टवका उडाला तर झाकणात थोडा स्प्रे मारून घ्या आणि काडेपेटीच्या काडीच्या टोकाने त्या जागी ठिपका ठेवा, पावसाळ्याआधी.

उरलेला स्प्रे कॅन उलटा धरून नुसती हवा येईपर्यंत दाबा, म्हणजे नोझल पुढच्या वेळी चोंदलेलं मिळणार नाही. 50 अंशांच्या वर तापू द्यायचा नाही असं त्याच्यावर लिहिलेलं असतं. मे महिन्यात टिनाच्या पत्र्याखालची फळी किंवा उन्हातल्या गाडीची डिकी तेवढी सहज तापते, तेव्हा तो माठाशेजारी ठेवा. रिकामा झाला तरी चुलीत किंवा पेटवलेल्या कचऱ्यात टाकू नका, आत उरलेल्या गॅसने तो बॉम्बसारखा फुटतो.